दहावं ‘नाई’

माझा मुलगा म्हणतो, "आई, यात काहीच होत नाही." तो सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात तंत्रज्ञ आहे आणि रविवारी घरी असला की माझ्या मागे उभा राहून मोबाईलच्या पडद्यावर वाकून बघतो. पडद्यावर तोच जुना काळा-पांढरा खेळ चाललेला असतो. कोणा भल्या माणसाने त्याचे काही भाग इंटरनेटवर टाकून ठेवलेत. चौघेजण डोळ्यांवर काळ्या पट्ट्या बांधून एका लांब टेबलामागे बसलेत, समोर एक अनोळखी माणूस, आणि ते चौघे प्रश्न विचारून त्याचा धंदा ओळखायचा प्रयत्न करताहेत. ढोल नाहीत, रडारड नाही, कोणाला बाहेर काढत नाहीत, कोणी कोटी रुपये जिंकत नाही. मी त्याला म्हणते, "बरोबर आहे तुझं, काहीच होत नाही. तू आपला तिकडे बस." अठ्ठावन्नावं चालू आहे मला. आयुष्यभर नर्सिंग केलं, हजारो माणसांची नाडी धरली. या वयात मला काय बघावं हे कोणी शिकवू नये. आणि हा खेळ जुना झाला, संपला, असं तर माझ्यासमोर कोणी बोलूच नये. तो का संपत नाही ते मला माहीत आहे, आणि तेच इथे लिहून ठेवते आहे.

आमचं घर हिंगणघाटला, बुद्धविहाराच्या मागच्या ओळीत. दोन खोल्या, पुढे पत्र्याचा सोपा. बाबा कापडाच्या मिलमध्ये साच्यावर होते आणि घरी आले की लोकांचे बिघडलेले रेडिओ उघडून बसायचे. त्यांच्या बोटांना कायम सोल्डरिंगचा वास. आई जिनिंग फॅक्टरीत. तिच्या केसांत, भुवयांत, लुगड्याच्या चुण्यांत रुई अडकलेली असायची. ती दारात उभी राहून पदर झटकायची तेव्हा उन्हात रुईचे तंतू कितीतरी वेळ तरंगत राहायचे आणि माझी धाकटी बहीण ते पकडायला उड्या मारायची. हंगामात सरकी काढणाऱ्या जिनांचा घर्र आवाज आमच्या वस्तीपर्यंत यायचा. आम्हाला त्याची इतकी सवय की तो बंद पडला की माणसं बोलता बोलता थांबायची आणि म्हणायची, "काऊन बंद पडलं?"

टीव्ही बाबांनीच उभा केला. कोणाचा तरी जळालेला संच मिलमधल्या एका साहेबांनी टाकून दिला होता, तो त्यांनी सायकलवर बांधून आणला आणि दोन महिने त्याच्याशी झटत राहिले. त्याआधी टीव्ही बघायला आम्ही बाजारपेठेतल्या एका घरी जायचो. तिथल्या मावशी वाईट नव्हत्या, पण पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "आडनाव काय गं तुझं?" मग विचारलं, "राहता कुठे?" मग, "म्हणजे विहाराच्या अलीकडे की पलीकडे?" तीन प्रश्न, बस. त्यानंतर आमची जागा ठरली. दाराजवळ, चपलांच्या कडेला. त्यांच्या मुलांसाठी पोहे आले की आमच्यासाठी कागदावर यायचे. मी हे घरी सांगितलं नव्हतं, पण धाकटीने सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाबा टाकलेल्या टीव्हीची चौकशी करायला गेले.

रविवारी संध्याकाळी तो खेळ लागायचा. आमच्या वस्तीत त्याला ‘चौघांचा खेळ’ म्हणत. सोपा भरून जायचा. थंडीचे दिवस असले की आई तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडायची, मोठ्या पातेल्यात, आणि पातेलं मधोमध ठेवायची. शेंगा सोलण्याचा चटचट आवाज, वरून बाबा पत्र्यावर अँटेना फिरवत विचारताहेत, "आलं का? आता आलं का?" आणि खालून सगळ्यांचा एकच ओरडा, "आलं आलं, हात नका काढू!" पाहुणा यायचा, खुर्चीत बसायचा, आणि पडद्याच्या तळाशी त्याचा धंदा लिहून यायचा. तो आम्हा बघणाऱ्यांसाठी. चौघांना फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर येईल असेच प्रश्न विचारता यायचे. दुसरा कुठलाही प्रश्न विचारला की सूत्रधार घंटी वाजवायचा आणि प्रश्न बाद. दहा वेळा ‘नाही’ आलं की पाहुणा जिंकला.

आम्ही शिकणारी पोरं तळाशी लिहिलेलं वाचून मोकळी व्हायचो. आईला वाचता येत नव्हतं. त्यामुळे साऱ्या सोप्यात खरा खेळ ती एकटीच खेळायची. तिने आम्हाला दम दिला होता, "खालचं वाचून कोनं सांगतलं तर शेंगा बंद." मग ती पुढे सरकून पाहुण्याकडे बघत राहायची, तोंडाकडे कमी, हाताकडे जास्त. एकदा एक गोरा, टाय लावलेला माणूस आला. चौघे त्याला बँकेत, कचेरीत, कॉलेजात शोधत होते. आई म्हणाली, "याचं काम बारीक आहे. मनगट पाह्य कसं टेकवून राह्यला. घड्याळवाला असन." तो घड्याळजीच होता. चौघांना नववा ‘नाही’ पडला तेव्हा कुठे उमगलं. साऱ्या सोप्याने आईकडे बघितलं आणि आई शेंगा सोलत म्हणाली, "डोळ्याले पट्टी बांधून हात कसे दिसतीन त्याईले?"

मला मात्र तो खेळ वेगळ्याच कारणासाठी आवडायचा, आणि ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्या टेबलासमोर बसलेल्या माणसाला कोणी आडनाव विचारू शकत नव्हतं. कुठे राहतोस, कोणाचा, कुठला, हे विचारलं की घंटी. तुझं काम काय, तुला काय येतं, एवढंच शोधायचं. मी शेंगा खाता खाता त्या घंटीची वाट बघायची.

दहावीच्या वर्षी आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये काहीतरी नवीन बसवा असं ठरलं. पुसदकर बाई आम्हाला मराठी शिकवायच्या. उंच, जरा तिरसट, पण मुलींचं बोलणं पूर्ण ऐकून घेणाऱ्या. मी म्हटलं, "बाई, चौघांचा खेळ करू." बाईंना तो आवडायचा. चौघे काही मिळाले नाहीत, तिघे ठरले: गावातले एक डॉक्टर, एक वकील, आणि आमचे मुख्याध्यापक, ज्यांना आम्ही मोठे सर म्हणायचो. पाहुणे तीन, ते मी शोधायचे आणि सूत्रधारही मीच. पहिला पाहुणा रेल्वेचा पॉइंट्समन, दुसरा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा. तिसरं नाव मी फक्त पुसदकर बाईंच्या कानात सांगितलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "येतील का त्या?"

आईचं काम काय होतं ते इथे सांगायला हवं. कार्डावर ती मजूर होती. जिनावर कापूस सोडायला बसायची. पण फॅक्टरीत गाड्या आल्या की कापूस बघायचं काम ज्या नानांचं, त्या म्हाताऱ्या ग्रेडरची नजर अधू झाली होती. एक दिवस नाना एका गाडीपाशी अडून राहिले, तर आई जवळून जाता जाता बोलली, "ओला आहे तो. आतून." फॅक्टरीचे मालक शेठजी, त्यांनी हात घालून पाहिला, खरंच आतून पाणी मारलेलं. तेव्हापासून गाडी आली की जिनावरून आईला हाक जायची. ती मूठभर कापूस घ्यायची, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ओढायची, पुन्हा जुळवायची, पुन्हा ओढायची. धागा किती लांब, किती मजबूत, किडकी कवडी किती, ओल किती, सगळं सांगायची. नाना मान हलवायचे, शेठजी तोच भाव बोलायचे, आणि आई परत जिनावर. तीन हंगाम असेच गेले.

मोठ्या सरांना तिसऱ्या पाहुण्याचं नाव हवं होतं. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं.

"कोणाला आणते आहेस? गावातली प्रतिष्ठित मंडळी बसणार आहेत समोर."

"सर, तुम्ही ओळखणाऱ्यांत आहात. सांगितलं तर खेळ कसला?"

"नाव नको. आडनाव सांग."

"सर, आडनाव सांगितलं की तुम्ही सगळंच ओळखाल."

त्यांना ते लागलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "फार शहाणी झालीस. कार्यक्रम रद्द करता येतो मला." मी म्हणाले, "रद्द करा सर. पत्रिका वाटून झाल्यात." पत्रिका खरंच वाटून झाल्या होत्या.

ऑफिसापेक्षा घरचा सामना अवघड निघाला. आई भाकरी थापत होती, अंबाडीची भाजी शिजत होती. ऐकल्यावर तिचा हात थांबला. "मी? त्या साऱ्या शिकल्या-सवरल्या लोकायसमोर? मले नाई जमत. तू दुसरं कोनी पाह्य."

"आई, तू दर रविवारी त्या टीव्हीवाल्यांना हरवतेस."

"ते मले पाहून नाई राह्यले ना तिथून."

"हेही नाही बघणार. पट्टी असते."

बाबा कोपऱ्यात एका रेडिओत तोंड घालून बसले होते. वर न बघताच म्हणाले, "भागा, जाय तू. घंटी मी बनवून देतो पोरीले." आणि त्यांनी खरंच आपल्या सायकलची घंटी काढून एका लाकडी ठोकळ्यावर बसवून दिली. त्यानंतर कितीतरी दिवस ते तोंडाने "बाजू, बाजू" करत मिलमध्ये जायचे.

निघताना मी आईला म्हणाले, "थोडं शुद्ध बोलजो. बोलण्यावरून ओळखतील." आई नवीन लुगड्याच्या निऱ्या घालत होती. म्हणाली, "मी माह्याच तोंडानं बोलीन."

मैदानावर मांडव होता. पुढे खुर्च्या, मागे सतरंज्या, आणि त्याच्याही मागे आमची वस्ती उभी. पॉइंट्समनला तिघांनी पाचव्या ‘नाही’वर ओळखलं, क्लॅरिनेटवाल्याला सातव्या. मग आई आली. फळ्यावर पुसदकर बाईंनी खडूने लिहून प्रेक्षकांना दाखवलं, ‘कापसाची पारख’, आणि फळा उलटा केला. मागून जिनिंगच्या बायांनी शिट्ट्या मारल्या. आई खुर्चीच्या अगदी टोकावर बसली, हात मांडीत घट्ट.

पहिला प्रश्न मोठ्या सरांचा. "तुम्ही लोकांकडे घरकाम करता?"

"नाई," आई म्हणाली. त्या एका शब्दाने बोली कळली. सरांच्या ओठांवर हसू आलं.

डॉक्टरांनी विचारलं, "कामात हातांचा उपयोग होतो?"

"हाव."

सर मध्येच बोलले, "बाई, ‘हो’ म्हणायचं."

"तेच तं म्हनून राह्यली मी," आई म्हणाली. मांडव हसला, आणि तिची पाठ खुर्चीला टेकली. मला तेव्हाच कळलं की आता ती घाबरलेली नाही.

डॉक्टरांनी सुईण का विचारलं, नाई. वकिलांनी विचारलं हे काम शाळेत शिकावं लागलं का, नाई. सरांनी विचारलं, शेतात मजुरीला जाता, नाई. डॉक्टर जरा विचार करून म्हणाले, "चांगलं-वाईट निवडावं लागतं?" हाव. "धान्य?" नाई. वकील पुढे झुकले. ते तिघांत सर्वांत खिलाडू होते. "तुमच्या शब्दावर दुसऱ्याचं काही ठरतं?"

"हाव," आई म्हणाली. "लय ठरते."

"म्हणजे पंचायतीत निवाडा करता?" नाई. सहा झाले. मी फळ्यावर सहावी रेघ ओढली.

पुन्हा मोठे सर. त्यांचा आवाज चढला होता. "राहता कुठल्या भागात?"

मी घंटी वाजवली. सायकलची घंटी, ट्रिंग. "प्रश्न बाद आहे सर. हो-नाहीत उत्तर येत नाही."

"बरं. आडनाव काय?"

ट्रिंग. "बाद."

मागे कोणीतरी टाळी वाजवली. किती दिवस वाट बघितली होती मी त्या आवाजाची, आणि आता तो माझ्या अंगठ्याखाली होता. सर कडवटपणे म्हणाले, "लिहिता-वाचता येतं का तुम्हाला?" आई म्हणाली, "नाई." जशी ती धान्य नाई म्हणाली होती, तशीच. सात.

सोनं-चांदी का, नाई, आठ. वकिलांनी हसत विचारलं, "तुमच्याशिवाय तुमच्या मालकाचं भागतं का?" आईने यावर मात्र वेळ घेतला. मागे जिनिंगच्या बाया टाचा उंचावून बघू लागल्या. मग ती सावकाश म्हणाली, "नाई. नाई भागत." नऊ. बाया ओरडल्या, सतरंजीवरची पोरं उठून उभी राहिली.

मोठ्या सरांनी पट्टी ओढून काढली. त्यांनी आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हा काय पोरखेळ चाललाय? ही तर हिची आई. जिनिंगमधली मजूर!"

मी घंटीवर अंगठा ठेवला होता, पण आईने हात वर करून मला थांबवलं. हा प्रश्न तिला घ्यायचा होता. ती सरांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "नाई."

दहा.

वकील-डॉक्टरांनीही पट्ट्या काढल्या आणि पुसदकर बाईंनी फळा फिरवला. नियमाप्रमाणे पाहुण्याने काम करून दाखवायचं असतं. आईने पदराच्या गाठीतून कापसाचे तीन पुंजके काढले, कुठला कोणता ते बाईंच्या कानात सांगून त्यांच्याकडे दिले, आणि सरांनी टाकलेली पट्टी उचलून स्वतःच्या डोळ्यांवर बांधली. बाईंनी एकेक पुंजका हातात द्यावा आणि आईने ओढून सांगावं: हा वडनेरकडचा, धागा लांब आहे. हा शेवटच्या वेचणीचा, यात दम नाई. हा ओला ठेवलता कोनंतरी. तिन्ही बरोबर. वकील उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. डॉक्टरांच्या शेतातही कापूस होता, ते स्टेजवरच आईला काहीतरी विचारायला गेले. मोठे सर मागच्या बाजूने उतरून गेले.

याची किंमत मी दिली. वर्गात पहिली असून त्या वर्षीचं बक्षीस मला मिळालं नाही, आणि बाबांना शाळेत बोलावून सरांनी सुनावलं की मुलगी उद्धट आहे. बाबा इतकंच म्हणाले, "घंटी तिनं नियमानंच वाजवली ना सर? नियम चुकला असन तर सांगा." आज इतक्या वर्षांनी लोक म्हणतात, सोडून दे आता, ते सर गेले, तो काळ गेला. सर गेले हे खरं. काळ गेला असं मला वाटत नाही. परवाच सुनेसाठी भाड्याचं घर बघायला गेले होते तर दारातल्या बाईने पहिला प्रश्न आडनावाचाच केला. माझ्या हातात घंटी नव्हती, तरी मी म्हणाले, "बाद." तिला कळलं नाही. मला बरं वाटलं.

पण खरी गोष्ट सोमवारी झाली. आई फॅक्टरीत गेली आणि जिनावर बसली. गाड्या आल्या, शेठजींची हाक आली. आई उठली नाही. दुसऱ्यांदा हाक आली. मग शेठजी स्वतः आले.

"भागाबाई, गाडी खडी है. सुनाई नहीं देता क्या?"

"शेठजी, माह्या कार्डावर मजूर लिव्हलं आहे. मजुराचं काम करून राह्यली मी. कापूस पाह्याचा असन तं कार्डावर तसं लिवा."

"कार्ड में क्या रखा है?"

"काही नाई ठेवलं, तं मंग बदलून द्या."

शेठजी हसून निघून गेले. संध्याकाळी आईने हे घरी सांगितलं तेव्हा आजूबाजूच्या बाया घाबरल्या. काढून टाकतील तुला, म्हणाल्या. आई म्हणाली, "चारशे लोकायसमोर मी मजूर नाई म्हनून आली. आता मीच मले खोटी काऊन पाडू?" ती मंगळवारी गेली, जिनावर बसली, उठली नाही. बुधवारी नानांनी एक आख्खी गाडी चांगली म्हणून उतरवून घेतली आणि ती आतून भिजलेली निघाली. गाडीवाला तोवर गावाबाहेर. गुरुवारी दुपारी मी डबा घेऊन गेले तेव्हा फाटकापासून रस्त्यापर्यंत बैलगाड्यांची रांग लागली होती, गाडीवाले ओरडत होते, नाना कपाळाला हात लावून बाकावर बसले होते.

शेठजी ऑफिसातून बाहेर आले. त्यांच्या हातात आईचं कार्ड होतं. त्यांनी ते तिच्यापुढे धरलं. आईने कपाळावरची रुई पुसली, कार्ड घेतलं, उलटसुलट केलं, आणि माझ्याकडे दिलं.

"वाच."

"ग्रेडर," मी म्हणाले. "आई, ग्रेडर लिहिलंय."

तिने कार्डाजवळ तोंड नेलं. अक्षर तिला कळत नव्हतं, पण तिची नजर कुठे चुकत नसे. तिने बोट ठेवलं. "अन् हे खाली रेघोट्या कायच्या?"

"खाली मजूर होतं. ते खोडलंय, त्याच्यावर लिहिलंय."

बाहेर गाडीवाले ओरडत होते, बैल शेपट्या हलवत होते, शेठजी घड्याळ बघत होते. मग आईने कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि शेठजींना परत केलं.

"खोडलेलं नाई पाह्यजे," ती म्हणाली. "नवीन द्या."

आणि ती जिनावर जाऊन बसली. शेठजी कोरं कार्ड काढायला आत गेले.